मॅनिफोल्डचे जाम झालेले आणि तुटलेले बोल्ट काढताना

कणकुंबी-जांबोटीच्या बाजूस पावसाळाभर चिखलात चालणारी जीप असो किंवा निपाणी-चिकोडी भागात हंगामभर उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, इंजिनाच्या हेडला (वरच्या भागाला) एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला धूर एकत्र करून बाहेर नेणारी ओतीव नळी, धरून ठेवणारे स्टड (बिनमाथ्याचे, दोन्ही टोकांना आटे असलेले बोल्ट) आणि नट खोलताना चांगल्या मेकॅनिकचाही कस लागतो. पूर्ण भारावर डिझेल इंजिनाचा धूर 500 अंश सेल्सिअसच्या पुढे तापतो. त्या उष्णतेने नटावरचा मुलामा जळून जातो, आट्यांत पाणी शिरते आणि गंज धरतो. हा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापत असल्यामुळे नट दरवर्षी आपोआप अधिकच आवळला जातो. मॅनिफोल्ड तापून लांबीत वाढतो तेव्हा सर्वांत जास्त ताण पहिल्या आणि शेवटच्या स्टडवर येतो, म्हणून टोकाचे स्टड आधी तुटतात आणि खोलताना त्यांनाच जास्त वेळ द्यावा लागतो.

कामाची सुरुवात आदल्या संध्याकाळीच करावी. तारेच्या ब्रशने उघडे आटे स्वच्छ करून, इंजिन हाताला कोमट लागेल इतपत गरम असताना गंज सोडवणारे तेल मारावे आणि रात्री आणखी एकदा मारावे. दुसऱ्या दिवशी प्रत्येक नटाच्या माथ्यावर आणि बाजूंवर हातोडीचे आटोपशीर ठोके द्यावेत, कारण हादऱ्याने गंजाला तडे जातात आणि तेल आत उतरते. गोटी (नटावर बसणारे सॉकेट) सहा कोनांचीच वापरावी. बारा कोनांची गोटी झिजलेल्या नटाचे कोपरे खाते. 13 मिलिमीटरचा नट गंजून बारीक झाला असेल, तर त्यावर अर्ध्या इंचाची गोटी ठोकून बसवल्यास ती बहुधा घट्ट धरते. पाना प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने दाबावा आणि मगच उलटा फिरवावा. नट पाव फेरा सुटला की परत आत घ्यावा, तेल द्यावे, पुन्हा सोडावा. असे करताना आट्यांतून विटकरी रंगाची पूड बाहेर पडू लागली, तर काम योग्य मार्गाने चालले आहे असे समजावे. पान्यात लांब पाइप घालून एका दमात झटका देण्याची आपल्याकडची सवय मात्र येथे महागात पडते. हाताला नट सुटल्यासारखा न वाटता पाना मऊ पिळल्यासारखा फिरू लागला, तर तो स्टडच पिळवटत असतो, तेव्हा लगेच थांबावे.

तेलाने काम होत नसेल तर उष्णता द्यावी. बॅटरीची जोडणी काढून, डिझेलच्या नळ्या, रबरी होज आणि वायरिंग बाजूला करून किंवा पत्र्याने झाकून, जवळ वाळूची बादली ठेवूनच गॅसची ज्योत पेटवावी. सांडलेले तेल आधी पुसावे. ब्रेक क्लीनर फवारलेल्या जागेवर ज्योत कधीही धरू नये, कारण त्याच्या काही प्रकारांत क्लोरीनयुक्त द्रावण असते आणि ते तापल्यावर अत्यंत विषारी वायू तयार होतो. ज्योत स्टडवर न रोखता नटावर फिरवावी, म्हणजे नट प्रसरण पावून आट्यांची पकड ढिली होते. नट गडद लाल झाला की ज्योत काढावी, लाली ओसरताच आट्यांच्या तोंडाशी मेणबत्ती टेकवावी आणि वितळलेले मेण आत ओढले गेल्यावर पाना लावावा. ओतीव लोखंडावर पाणी मारून घाई केल्यास मॅनिफोल्डला तडा जाऊ शकतो. हेड ॲल्युमिनियमचे असेल तर विशेष जपावे, कारण तो धातू लाल न होताच 660 अंशांच्या सुमारास वितळतो.

एवढे करूनही स्टड तुटला आणि तुकडा बाहेर राहिला असेल, तर त्यावर मुलामा नसलेला नट ठेवून, नटाच्या पोकळीतून स्टडला वेल्डिंग करणे हाच माझ्या मते सर्वांत खात्रीचा उपाय आहे. वेल्डिंगची उष्णता थेट गंजलेल्या आट्यांपर्यंत पोचते आणि पाना लावायला नवा माथाही मिळतो. वेल्डिंग थोडे निवू द्यावे आणि मग पुढे-मागे हलवत तुकडा काढावा. पहिला नट निसटला तरी दुसरा लावून पाहावा.

स्टड हेडच्या पातळीत तुटला असेल, तर ड्रिलसाठी खूण ठोकायचा सेंटर पंच अगदी मध्यावर बसणे यावरच सारे अवलंबून असते. बारीक ड्रिलने सुरुवात करून हळूहळू भोक वाढवावे. उलट्या फिरकीचे ड्रिल मिळाले तर पुष्कळदा तुकडा ड्रिलबरोबरच बाहेर येतो. भोकात ठोकून फिरवायचा एक्स्ट्रॅक्टर शक्यतो पेटीतच राहू द्यावा. तो स्टडपेक्षा बारीक आणि कडक असतो; आत मोडला की साधे ड्रिल त्याला लागत नाही आणि तो स्पार्क इरोजनने (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून) काढून घ्यावा लागतो. भोक एका बाजूला सरकू लागले, तर तेथेच थांबून हेड उतरवावे आणि बेळगावच्या उद्यमबागेतील एखाद्या मशीन शॉपकडे न्यावे. नवीन हेडच्या मानाने ही मजुरी किरकोळ असते. आटे गेले असतील, तर तेथेच हेलिकॉइल (नव्या आट्यांचे काम करणारे तारेचे वेटोळे) बसवून घेता येते.

जोडणीपूर्वी भोकांतून टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवून आटे साफ करावेत, मॅनिफोल्डच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी धरून तो वाकला आहे का हे पाहावे आणि पॅकिंग (गॅस्केट) नवेच घालावे. वाकलेला मॅनिफोल्ड तसाच आवळला, तर टोकाचे स्टड पुन्हा तुटतील. आट्यांना उष्णता सोसणारे कॉपर किंवा निकेल ग्रीस लावावे. अशा ग्रीसमुळे नट सहज फिरतो आणि नकळत जास्त आवळला जातो, हे लक्षात ठेवून मध्यापासून टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत आवळावे. गाडी एकदा चांगली तापून पूर्ण थंड झाल्यावर सर्व नट त्याच क्रमाने पुन्हा तपासावेत.