ब्लाउजच्या कटिंगवरून गाठीची खणाची चोळी

पेशवाईतली बाई रंगमंचावर दाखवायची म्हटलं की खणाचं कापड हमखास आणलं जातं, पण ते बेतलं जातं आजच्या चार टक्सच्या (आकारासाठी शिवलेल्या चिमट्यांच्या) ब्लाउजवर. पाठीला चेन लावतात आणि पुढे शोभेची गाठ टाचतात. हे शेवटच्या रांगेतूनही कळतं. खऱ्या गाठीकडे कापड चारी बाजूंनी ओढलं गेलेलं असतं, टाचलेली गाठ नुसती चिकटलेली दिसते. गाठीच्या चोळीला आकार मुख्यतः टक्समुळे येत नाही. सरळ धाग्यावर (विणीच्या उभ्या-आडव्या धाग्याला धरून) बेतलेले तुकडे, बगलेतली कळी (तिथे जोडलेला चौकोनी तुकडा) आणि छातीखालची गाठ या तिघांनी तो येतो. म्हणून ब्लाउजचं कटिंग वापरायचं ते फक्त मापांपुरतं.

अंगाला नीट बसणाऱ्या ब्लाउजचं कागदी कटिंग घ्या आणि शिलाईची माया (शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड) बाजूला ठेवून त्याची नक्कल काढा. पुढचे आकडे 36 इंच छातीसाठी आहेत. छाती, छातीखालचा घेर, दंडघेर आणि खांद्यापासून छातीखालपर्यंतची उंची एवढी मापं नव्याने घ्या. शेवटचं माप सगळ्यात महत्त्वाचं, कारण ही चोळी तिथेच संपते.

पुढच्या भागातून आधी दोन गोष्टी काढून टाका: हुकपट्टी आणि खालची आडवी पट्टी. पुढची मध्यरेषा आता कडेची रेषा झाली, एकावर एक चढणारं कापड नको. त्यानंतर टक्स. मुंढ्याचा (बाही जोडतात त्या कडेचा), बगलेचा आणि मधला टक्स कागदावर मिटवून चिकटवा, खालचा टक्स टोकापर्यंत कापा. कागद खालच्या बाजूने आपोआप साधारण अडीच-तीन इंच उघडेल. हे सगळं एकाच टक्समध्ये शिवलं तर छातीला अणकुचीदार टोक येतं, आणि ते या काळाच्या वेशाला अजिबात शोभत नाही. त्यातला दीड इंच टक्स म्हणून शिवा, तोही छातीच्या टोकाच्या एक इंच अलीकडे संपवा. उरलेली ढील गाठीच्या पदराच्या मुळाशी दोन-तीन बारीक चुण्या घालून घ्या. गाठ आवळली की ती तिथेच जिरते.

पदर म्हणजे गाठ मारायची टोकं. पुढच्या भागाची खालची कड मध्यरेषेच्या पुढे 7 इंच वाढवा. मुळाशी रुंदी 3 इंच, टोकाशी दीड. इथे धाग्याची दिशा चुकली तर सगळं चुकतं: पदराची खालची कड सरळ धाग्यावरच हवी, कारण गाठीचा सगळा ओढा तिच्यावर येतो. गळ्याकडून पदराकडे उतरणारी वरची कड मात्र तिरकी कापली जाते आणि ताणली की वाढते. तिला आतून अर्धा इंच रुंदीची सरळ धाग्याची पट्टी लावा, आणि ती पट्टी त्या कडेपेक्षा पाव इंच आखूड ठेवा. हे केलं नाही तर दुसऱ्या प्रयोगापर्यंत गळा झोळीसारखा लोंबतो.

पाठ सोपी आहे. गळा उथळ ठेवा, अडीच-तीन इंच पुरे. खोल गळा, मागची दोरी, लटकन हे सगळं अलीकडचं. पाठीची खालची कड मात्र पूर्ण सरळ करा. ब्लाउजला ती किंचित गोल असते आणि खणाचा काठ गोलाईवर वळत नाही. कमरेकडची फिटिंग बाजूच्या शिलाईत घ्या.

खरा फरक बाहीत आहे. ब्लाउजच्या बाहीची खांद्याकडची गोलाई साडेतीन-चार इंच उंच असते. अशा बाहीत हात वर केला की अख्खा ब्लाउज वर चढतो. साध्या ब्लाउजला खालची पट्टी थोडंफार सांभाळून घेते, पण छातीखाली संपणारी चोळी वर चढली तर कलाकाराची पंचाईत होते. लावणीत किंवा फुगडीत तर होतेच होते. म्हणून गोलाईची उंची दोन इंचांवर आणा आणि बाही दंडाशी रुंद करा, इतकी की गोलाईची लांबी पुन्हा मुंढ्याएवढी भरेल. टेप उभी धरून दोन्ही कडा मोजा, अंदाजाने जाऊ नका. तोंडाशी दंडघेर अधिक एक इंच ठेवा. खणाला ताण नसतो, त्याहून कमी ठेवलं तर कोपर वाकवताना शिवण उसवते. बाहीच्या खालच्या शेवटच्या दोन इंचांत बाजूची शिलाई कडेला काटकोनात यायला हवी, नाहीतर दोन्हीकडचे काठ जुळत नाहीत.

बगलेत चौकोनी कळी बसवा: शिवून 3 इंच, म्हणजे अर्धा इंच माया धरून 4 इंचांचा चौकोन. दोन बाजू बाहीला, दोन बाजू अंगाला. चारही कोपऱ्यांवर मायेच्या आत पेन्सिलीने ठिपका करा. प्रत्येक शिलाई त्या ठिपक्यावर सुरू होऊन ठिपक्यावरच संपली पाहिजे. एक टाका जरी मायेत गेला तरी कोपऱ्यात सुरकुती पडते, आणि ती इस्त्रीने जात नाही. मशीनवर जमत नसेल तर कळी हाताने उलट्या टिपेने शिवा, एरवीही तो त्या काळाला साजेसाच प्रकार.

आता कापड. काठ दोन्ही किनारींना असतो, म्हणून पाठीची खालची कड, बाह्यांची तोंडं आणि पुढच्या भागांच्या खालच्या कडा सगळ्या किनारीवरच बसवायच्या. पाठीला माया धरून सुमारे 20 इंच, दोन बाह्यांना 30, पदरांसकट पुढच्या दोन भागांना 36. दोन्ही किनारी मिळून 86 इंच जागा हवी, शिवाय कोणताही तुकडा मध्येच तोडता येत नाही. त्यामुळे एका किनारीवर पाठ आणि बाह्या, दुसरीवर पुढचे भाग असा बेत धरला तर पहिलीच किनार 50 इंच खाते. दीड मीटर घ्या. दुकानात मिळणाऱ्या एक मीटरच्या पीसमध्ये पुढचे काठ वेगळे कापून जोडावे लागतात. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा हातमागाचा खण मिळाला तर तोच घ्या. पॉलिएस्टरचा खण गाठीला घसरतो आणि दिव्यांखाली चकाकतो.

खणाच्या उलट बाजूला नक्षीचे मोकळे धागे असतात. त्यांत बांगड्या आणि नखं अडकतात, म्हणून मऊ मलमलीचं अस्तर द्या. मलमल आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. न भिजवलेली आटली की पाठीला फुगे येतात.

खणाला कात्री लावण्याआधी मांजरपाटाची कच्ची चोळी शिवा. ती घालून गाठ मारायला लावा, दोन्ही हात वर, मग जमिनीवर बसणं, मग वाकून नमस्कार. गळा समोरून सुटा राहत असेल तर कागदावर गळ्यापासून छातीच्या टोकाकडे पाव इंचाची पाचर मिटवा. बगलेतून छातीकडे तिरक्या वळ्या येत असतील तर टक्स कमी पडतोय, अर्धा इंच वाढवा. पाठ वर उचलली जात असेल तर आधी कळी मोठी करून पाहा, पाठीची लांबी सगळ्यात शेवटी वाढवा. एकच चोळी दोघी-तिघींना घालायची असेल तर बाजूच्या शिलाईत दीड इंच माया ठेवा.

मशीनची टीप आतल्या शिलायांना चालेल. पदरांच्या आणि गळ्याच्या कडा मात्र हाताने तुरपा, कारण प्रकाशझोतात मशीनची सरळ टीप लगेच उठून दिसते. आणि ही चोळी सगळ्याच जुन्या नाटकांना लावू नका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची शिकलेली बाई असेल तर तिला लांब बाह्यांचं पोलकं हवं, त्याचं कटिंग वेगळं.

गाठ मारताना उजवा पदर डाव्यावरून घ्या, दुसऱ्या वेळी डावा उजव्यावरून. दोन्ही वेळा एकाच बाजूने घेतला तर गाठ तिरकी उभी राहते आणि सुटतेही. प्रयोगात धावपळ असेल तर गाठीच्या आत, पदरांच्या मुळाशी एक प्रेस बटण लावा. ताण गाठीवरच राहू द्या, बटण फक्त ती सुटली तर धरण्यापुरतं.