बॅलास्ट घेताना-काढताना या चुका टाळा

बॅलास्टचा (जहाज स्थिर ठेवायला टाक्यांत घेतलेल्या पाण्याचा) प्लॅन तपासताना बहुतेक जण दोनच आकडे बघतात: काम सुरू होण्याआधीचा जीएम (जहाज किती स्थिर आहे हे सांगणारा आकडा, खाली समजावलाय) आणि काम संपल्यावरचा जीएम. दोन्ही चांगले दिसले की सही करून मोकळे. पण पंप चालू असतो तो या दोन आकड्यांच्या मधल्या तासांत, आणि घात होतो तोही तिथंच. खालच्या सगळ्या चुका या ना त्या वाटेने याच मधल्या तासांशी येऊन भिडतात.

हे लिहितोय ते मराठवाड्यातून जहाजावर जाणाऱ्या पोरांसाठी. सुट्टीत परभणीला असलो की एमएमडीच्या (सरकारी मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटच्या) ओरल्सची, म्हणजे तोंडी परीक्षेची तयारी करणारी मुलं घरी येऊन बसतात. कुणी बीडचं, कुणी उदगीरचं. सूत्रं तोंडपाठ असतात. लातूर पॅटर्नच्या मुलुखात पाठांतराची वानवा नाही. अडतं ते व्हॉल्व्ह उघडल्यावर नेमकं काय होतं, या प्रश्नाला.

नव्या वाचकासाठी एवढंच: जहाजाचा गुरुत्वमध्य म्हणजे जी. जहाज थोडं कललं की पाण्याचा वर ढकलणारा जोर ज्या बिंदूतून जातो असं धरतात, तो मेटासेंटर म्हणजे एम. जी खाली आणि एम वर असेल तर कललेलं जहाज परत सरळ होतं. या दोघांमधलं अंतर म्हणजे जीएम. २००८च्या आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) इंटॅक्ट स्टॅबिलिटी कोडप्रमाणे सर्वसाधारण मालवाहू जहाजाला तो किमान ०.१५ मीटर लागतो. शिवाय जीझेडच्या (कललेल्या जहाजाला सरळ करणाऱ्या रायटिंग आर्मच्या) वक्राच्या अटी वेगळ्या असतात. जीएम एकटा पुरेसा नाही, हे ओरल्सला विचारतातच.

निम्मी टाकी म्हणजे निम्मा धोका, हा समज

"सर, टाकी निम्मीच भरलीय, म्हणजे वजन निम्मं. मग धोका बी निम्माच की?" हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच. मी उलट विचारतो: उन्हाळ्यात गावात पाण्याचा टँकर येतो. ड्रायव्हरला वळणावर जास्त भीती कधी वाटते, टँकर काठोकाठ भरलेला असताना की अर्धा रिकामा झाल्यावर? टंचाईत वाढलेल्या पोराला याचं उत्तर द्यायला पुस्तक लागत नाही. भरलेल्या टाकीतलं पाणी हलत नाही. अर्धवट टाकीतलं पाणी गाडी झुकते त्याच बाजूला धावतं.

जहाजावर याला फ्री सरफेस इफेक्ट म्हणतात आणि अशा अर्धवट टाकीला स्लॅक टाकी. परिणाम असा, की जणू जहाजाचा जी वर सरकला. किती सरकला, हे टाकीत पाणी किती आहे यावर जवळजवळ अवलंबून नसतं. ते पाण्याच्या पृष्ठभागाच्या रुंदीवर ठरतं, आणि रुंदीचा तर घन होतो. आयताकृती टाकीसाठी लांबी गुणिले रुंदीचा घन भागिले १२, गुणिले पाण्याची घनता, भागिले जहाजाचं डिस्प्लेसमेंट (मालासकट एकूण वजन).

आकडे घालून बघू. डिस्प्लेसमेंट २०,००० टन, केजी (तळापासून जीची उंची) ९ मीटर, जीएम ०.८० मीटर. तळाची एक डबल बॉटम टाकी २० मीटर लांब, २४ मीटर रुंद, १.५ मीटर खोल. मध्ये पडदा नाही. तिच्यात समुद्राचं ७३८ टन पाणी मावतं. टाकी पूर्ण भरली की जी साधारण ०.२९ मीटर खाली येतो, म्हणजे जीएम १.०९ वर जातो (केएम, म्हणजे तळापासून एमची उंची, तोच राहतो असं धरून). सुरुवात ०.८०, शेवट १.०९. प्लॅनवर सही करायला काहीच हरकत दिसत नाही.

आता पंप निम्म्यावर आल्यावरचं गणित. ३६९ टनांमुळे जी ०.१६ मीटर खाली आलाय, पण फ्री सरफेसने १.१६ मीटर खाल्लेत. उरला जीएम उणे ०.२०. म्हणजे जहाज सरळ उभं राहूच शकत नाही, आणि हे सगळं जहाज "जास्त स्थिर" करायला घेतलेल्या पाण्यामुळे.

म्हणूनच रुंद टाक्यांना मधोमध उभा पडदा असतो. तो घातला की रुंदी निम्मी, आणि दोन्ही बाजू मिळून परिणाम चौथ्या हिश्श्यावर येतो: १.१६च्या जागी ०.२९. त्याच निम्म्या टप्प्यावर जीएम ०.६७ मिळतो. पडद्यांनी तीन समान भाग केले तर नववा हिस्सा.

पण पडदा आहे म्हणून निर्धास्त राहणं ही पुढची चूक. घाई असली की एकाच वेळी तीन-तीन जोड्यांचे (डावी-उजवी टाकी मिळून एक जोडी) व्हॉल्व्ह उघडले जातात. वरच्या जहाजात पडदा असलेल्या अशा तीन जोड्या एकदम निम्म्यावर आणल्या तर जीएम ०.४१ वर येतो. एकच जोडी घेतली असती तर तो ०.६७ होता. ज्या जहाजाचा मुळातला जीएमच ०.५० असेल त्याला हे परवडणार नाही. एका वेळी एक जोडी, ती पूर्ण भरली किंवा पूर्ण उपसली की मगच पुढची. वेळ जास्त लागतो. लागू द्या.

इथं पडद्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे डाव्या-उजव्या टाक्यांना जोडणारा क्रॉसओव्हर व्हॉल्व्ह. तो उघडा राहिला तर पडदा असून नसल्यासारखा. जहाज कललं की पाणी पाइपमधून हळूहळू खालच्या बाजूला जातं. पंप बंद केला, तरी लिस्ट (एका बाजूचा कल) वाढतेय असं दिसलं तर पहिला संशय याच्यावर घ्या.

अंदाजाने लिहिलेलं साउंडिंग

आता ज्या चुकीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ती ही. स्थैर्याचं गणित करणारा लोडिंग कॉम्प्युटर उत्तम असतो, त्याला क्लासची (जहाजं तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थेची) मंजुरी असते. पण टाकीत किती पाणी आहे (टेप सोडून ते मोजणं म्हणजे साउंडिंग) हे त्याला आपणच सांगतो.

३ जानेवारी २०१५ रोजी होएग ओसाका हे मोटारी नेणारं जहाज साउदम्प्टनहून ब्रेमरहाफेनला निघालं आणि काही वेळातच सोलेंट सामुद्रधुनीत वळण घेताना ४० अंशांपेक्षा जास्त कललं. शेवटी ते ब्रॅम्बल बँक या वाळूच्या उथळ पट्ट्यावर टेकलं. ब्रिटिश तपास यंत्रणेच्या अहवालात पुढे आलं ते असं: बॅलास्ट टाक्यांचे जवळजवळ सगळे गेज बंद होते, टाक्यांतलं पाणी अंदाजाने धरलं जात होतं, मालाचं खरं वजनही धरलेल्या वजनापेक्षा जास्त होतं, आणि निघण्याआधी स्थैर्याचं नेमकं गणित केलेलंच नव्हतं. निघाल्यावर करू, हा रिवाज पडून गेला होता.

८ सप्टेंबर २०१९ला अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ब्रन्सविक बंदरातून बाहेर पडताना गोल्डन रे हे जहाज वळणावर आडवं झालं. तिथं गणित केलं होतं. अमेरिकी तपासाचा निष्कर्ष असा, की बॅलास्टचे आकडे प्रोग्राममध्ये चुकीचे भरले गेले, त्यामुळे स्थैर्य आहे त्यापेक्षा जास्त दिसलं आणि वळणाचा जोर पेलायला पुरेसा रायटिंग आर्म उरलाच नव्हता.

दोन्ही जहाजं वळणावर गेली. सरळ जाताना अपुरा जीएम गप्प बसतो. रडर (सुकाणू) टाकलं की हिशेब मागतो.

म्हणून टेप हातात घेऊन साउंडिंग घ्या. रिमोट गेजचा आकडा आणि टेपचा आकडा जुळत नसेल तर टेपवर विश्वास ठेवा आणि गेज दुरुस्तीच्या यादीत टाका. साउंडिंग पाइप बहुधा टाकीच्या मागच्या टोकाला असतो, त्यामुळे जहाज मागे बसलेलं असताना आकडा खरा असतो त्याहून जास्त दिसतो. टेबलमधली ट्रिम (जहाजाचा पुढे-मागे कल) करेक्शन लावायला कंटाळू नका. टेप तळाला लागली की गाळाला, हेही ओळखता आलं पाहिजे. गढूळ नदीच्या बंदरातून वर्षानुवर्षं पाणी घेतलेल्या टाकीत साचलेला चिखल पंपाने निघत नाही. तो कागदावर कुठंच नसतो आणि जहाजात मात्र असतो.

याचा पडताळा घ्यायला महागडं काही लागत नाही. सहाही ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बुडालंय ते दाखवणारे आकडे) वाचा, बंदरातल्या पाण्याची घनता हायड्रोमीटरने मोजा आणि येणारं डिस्प्लेसमेंट कॉम्प्युटरच्या डिस्प्लेसमेंटशी ताडून बघा. फरक मोठा असेल तर जहाजात असं काहीतरी आहे जे तुमच्या कागदात नाही, किंवा उलट. कारण सापडल्याशिवाय पायलटला (जहाज बंदराबाहेर काढणाऱ्या वाटाड्याला) हो म्हणू नका.

आणि एक: पंप बंद केल्यावर अर्ध्या तासाने शेजारच्या टाक्यांचंही साउंडिंग घ्या. कन्सोलवर व्हॉल्व्ह बंद दिसतो, पण तो पाणी सोडत असतो, हे बटरफ्लाय व्हॉल्व्हच्या बाबतीत नवीन नाही. काल पूर्ण भरलेली टाकी आज निम्म्यावर आलेली असते आणि स्लॅक टाक्यांच्या यादीत तिचं नाव नसतं.

भर समुद्रात बॅलास्ट बदलताना

परक्या पाण्यातले जीव दुसऱ्या किनाऱ्यावर जाऊ नयेत म्हणून २००४चा बॅलास्ट वॉटर मॅनेजमेंट करार आला आणि ८ सप्टेंबर २०१७पासून लागू झाला. पाणी बदलायचं ते शक्यतो किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या पलीकडे आणि किमान २०० मीटर खोल पाण्यात. म्हणजे नेमकं जिथं मदत लांब आणि लाटा मोठ्या, तिथं आपण टाक्या रिकाम्या करायच्या.

जुलै २००६मध्ये अलास्काच्या अल्यूशियन बेटांच्या दक्षिणेला कूगर एस हे जहाज जपानहून व्हँकुव्हरकडे मोटारी नेत होतं. बॅलास्ट बदलताना स्थैर्य गेलं आणि ते सुमारे ६० अंश डावीकडे झोपलं. खलाशी वाचले, पण नंतर जहाज सोडवायला गेलेल्या पथकातला एक नेव्हल आर्किटेक्ट जहाजावरच पडून मरण पावला. ४,७०३ माझदा गाड्या पुढे भंगारात काढाव्या लागल्या.

बदलण्याच्या पद्धतींत सीक्वेन्शियल म्हणजे टाकी उपसायची आणि परत भरायची. किमान ९५ टक्के पाणी बदललं गेलं पाहिजे. ही पद्धत स्थैर्याच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक. फ्लो-थ्रूमध्ये भरलेल्या टाकीत तिच्या तिप्पट पाणी ढकलून वरून वाहू देतात. टाकी भरलेलीच राहते, म्हणून जीएम फारसा हलत नाही. मात्र व्हेंट पाइप (टाकीतली हवा आत-बाहेर जाण्याचा) तुंबलेला असेल तर आतला दाब टाकीची पोलादी छत फुगवू शकतो. उपसताना तुंबलेला व्हेंट उलट बाजूने तेच करतो. व्हेंट हेड हाताने तपासा, चेकलिस्टवरच्या टिकमार्कने तपासलं जात नाही.

प्रत्येक पायरीचा जीएम, ड्राफ्ट, शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंट (जहाजाच्या सांगाड्याला कापू आणि वाकवू पाहणारे ताण) काढलेला असायला हवा. पुढचा ड्राफ्ट फार कमी झाला तर लाटा तळावर आपटतात. मागचा कमी झाला तर प्रोपेलर हवा कापतो आणि जहाज रडरला नीट ऐकत नाही. हवामान बिघडलं तर कॅप्टन ही अदलाबदल थांबवू शकतो, आणि ती मुभा करारानेच दिलेली आहे. पण थांबायचं कुठं, हे आधी ठरवा. अर्धी उपसलेली टाकी तशीच ठेवून "नंतर बघू" म्हणणं म्हणजे वादळात स्लॅक टाकी घेऊन शिरणं.

८ सप्टेंबर २०२४ उलटल्यावर बदलण्याऐवजी पाणी शुद्ध करण्याची डी-२ पद्धत सगळीकडे आली, त्यामुळे ही भानगड संपली असं काहींना वाटतं. संपलेली नाही. गढूळ पाण्यात फिल्टर चोंदतात, यूव्ही म्हणजे अतिनील किरणांच्या यंत्रणेचा वेग उतरतो. प्लॅनमध्ये तीन तास धरलेली टाकी सहा तास अर्धवट राहते, आणि तेवढ्यात क्रेनवाल्याने वरच्या मजल्यावर माल चढवलेला असतो. बॅलास्ट मागे पडलं तर लोडिंग थांबवायला सांगा. टर्मिनलवाले ओरडतील.

लोल ओळखता न येणं

सगळं करूनही जहाज कललं, तर पहिली ऊर्मी असते उंच बाजूची टाकी भरायची. वजन एका बाजूला जास्त असल्यामुळे आलेली साधी लिस्ट असेल तर ते बरोबर आहे. पण जीएम उणे झाल्यामुळे जहाज कललं असेल, म्हणजे ते अँगल ऑफ लोल असेल, तर हाच उपाय जीवघेणा ठरतो. उंच बाजूला पाणी पडलं की जहाज सरळ होतं, तिथं न थांबता वेगाने दुसऱ्या बाजूला कोसळतं, आणि त्या झोकात उलटूही शकतं.

ओळखायचं कसं? वजनाच्या हिशेबात एका बाजूला कललं जाण्याचं कारण सापडत नसेल. जहाज कधी डावीकडे तर कधी उजवीकडे टेकत असेल. आणि त्याआधी त्याचं हेलकावणं संथ, सुस्त झालं असेल, तर लोल समजा. मग आधी हलणारं पाणी कमी करा, शक्य असेल तर वरचं वजन खाली आणा. टाकी भरायचीच असेल तर तळातली, पडद्याने विभागलेली, शक्य तेवढी अरुंद टाकी निवडा आणि सुरुवात खाली झुकलेल्या बाजूने करा. ती भरताना कल आधी वाढेल. ते गृहीत धरलेलं असतं, पण ब्रिजवर आणि इंजिन रूममध्ये आधी सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी घाबरून पलीकडचा व्हॉल्व्ह उघडेल. ती टाकी पूर्ण भरल्यावरच दुसऱ्या बाजूची.

जास्त जीएम म्हणजे जास्त सुरक्षित?

हेही नाही. हेलकाव्याचा काळ ढोबळमानाने ०.८ गुणिले जहाजाची रुंदी भागिले जीएमचं वर्गमूळ. ३२ मीटर रुंद जहाजाला जीएम १ मीटर असेल तर एक पूर्ण हेलकावा साडेपंचवीस सेकंदांचा. तोच जीएम ४ केला तर पावणेतेरा सेकंदांचा. जहाज झटके देऊ लागतं, कंटेनरच्या लॅशिंगवर (बांधणीवर) ताण येतो, माणसं पडतात. तळात भसाभस पाणी घेऊन निर्धास्त झालेला मेट (डेकवरचा अधिकारी) याच कारणाने दुसऱ्या दिवशी डेकवर लॅशिंग आवळत फिरत असतो.

वॉच (कामाची पाळी) बदलताना बॅलास्ट चालू असेल तर हँडओव्हर तोंडी देऊ नका. कोणती टाकी चालू आहे, शेवटचं साउंडिंग किती आणि किती वाजता घेतलं, कोणते व्हॉल्व्ह उघडे आहेत, किती साउंडिंगला थांबायचं, आणि किती अंश लिस्टला कुणालाही न विचारता पंप बंद करायचा, एवढं कार्गो कंट्रोल रूमच्या बोर्डवर मार्करने लिहा. येणाऱ्या ऑफिसरने ते वाचून स्वतः एकदा साउंडिंग घ्यावं आणि मगच जाणाऱ्याने खाली जावं.