मुंबईत मध्यरात्रीनंतर जेवायला निघताय? या चुका टाळा

मुंबई रात्रभर जागी असते, पण तिची चूल रात्रभर पेटलेली नसते. रात्री एकच्या सुमारास उपाशी फिरणाऱ्यांचं बहुतेकदा घड्याळच चुकलेलं असतं. खाण्याच्या दृष्टीने या शहराच्या रात्रीचे चार तुकडे पडतात. साडेबारापर्यंत जवळपास सगळं मिळतं. साडेबारा ते दीड मोठी, नावाजलेली हॉटेलं आणि परमिट रूम चालू असतात. दोन ते चार हा खरा दुष्काळ. चारनंतर चहा, इडली, पोहे सुरू होतात, म्हणजे तेव्हा तुम्हाला मिळतो तो दुसऱ्या दिवसाचा नाश्ता. आधी पदार्थ ठरवून मग जागा शोधली की फसायला होतं. आधी वेळ पाहा, मग घरी कसं परतायचं ते पाहा आणि पदार्थ शेवटी ठरवा.

बंद व्हायच्या वेळेला पोहोचणं

पाटीवर ‘रात्री १.३०’ लिहिलेलं असलं तरी किचन एकच्या आसपास आवरायला घेतात. सगळ्यात आधी बंद होतो तो तंदूर. कोळशाच्या तंदुरात शेवटच्या तासात नवा कोळसा टाकत नाहीत. भिंतीची धग कमी झाली की रोटी नीट चिकटत नाही, बाहेरून कोरडी आणि मधे कच्ची राहते. म्हणून एक वाजता ‘तंदूर चालू आहे का?’ हा पहिला प्रश्न. नसेल तर रुमाली, तव्यावरची रोटी किंवा पाव घ्या. बंद तंदुराच्या हॉटेलात बटर नानसाठी हट्ट केला तर तासापूर्वी भाजलेलं नान गरम करून समोर येण्याची शक्यताच जास्त.

दुसरी गोष्ट शटरची. अर्धं खाली ओढलेलं शटर म्हणजे बहुधा फक्त पार्सल. आत बसायला मिळेल का, हे मेनू मागण्याआधी विचारा. आणि दीड वाजता बार सुटतात हे लक्षात ठेवा. ती सगळी गर्दी पुढच्या पंधरा मिनिटांत जवळच्या भुर्जीच्या गाडीवर उतरते. सव्वा वाजता गेलात तर पाच मिनिटांत प्लेट हातात येते, पावणेदोनला गेलात तर ‘पाव संपले’ ऐकायला मिळतं. पाव संपले की भुर्जीची गाडी बंदच समजायची, कारण बेकरीतून नवा पाव यायचा तो पहाटे.

मोबाइलच्या नकाशावरच्या ‘२४ तास’ शब्दावर विसंबणं

कायद्याने रात्रभर दुकान चालवायला मुभा आहे. महाराष्ट्राचा २०१७चा दुकाने व आस्थापना कायदा ती देतो. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत मॉल, मिल कंपाउंड अशा बिगरनिवासी, फाटकाच्या आतल्या जागांसाठी ‘मुंबई २४ तास’ धोरण आलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने पुन्हा स्पष्ट केलं की दारू न विकणारी हॉटेलं, दुकानं चोवीस तास उघडी राहू शकतात. पण परवानगी वेगळी आणि मंगळवारी पहाटे तीन वाजता आचारी, वेटर, गिऱ्हाईक असणं वेगळं. २०२०च्या धोरणाला तर दोन महिन्यांतच टाळेबंदीने गाठलं. मॉलमधल्या फूड कोर्टाच्या भरवशावर रात्री दोनला बाहेर पडू नका.

नकाशावरची वेळ कुणीतरी कधीतरी भरलेली असते. निघण्याआधी फोन करा आणि ‘चालू आहे का?’ एवढंच न विचारता ‘शेवटची ऑर्डर किती वाजता घेता?’ असं विचारा. फोन कुणी उचलत नसेल तर तेच उत्तर समजा. नकाशावरचे ताजे फोटो आणि अभिप्राय रात्रीच्या वेळेचे आहेत का, हेही बघायला हरकत नाही.

परतीचा विचार जेवणानंतर करणं

लोकल साधारण साडेबारा ते एकच्या दरम्यान थांबतात आणि चार-सव्वाचारला परत सुरू होतात. इथे एक बारकावा नेहमी निसटतो: चर्चगेट किंवा सीएसएमटीहून सुटणारी अगदी शेवटची गाडी लांबची नसते. विरारची शेवटची गाडी बोरिवलीच्या शेवटच्या गाडीआधी निघते. कर्जत, कसाऱ्याच्या शेवटच्या गाड्याही ठाणे-कुर्ल्याच्या गाड्यांआधी सुटतात. लांब राहणाऱ्यांनी आपल्या स्थानकाची वेळ पाहावी, मार्गाची नव्हे. शनिवारी रात्री दुरुस्तीचा ब्लॉक आहे का, तेही त्याच वेळी तपासावं.

लोकल चुकली तर पुढचं गणित महागात पडतं. रिक्षा शहर भागात येतच नाहीत. पश्चिमेला त्यांची हद्द वांद्र्याला संपते, पूर्वेला सायनला. म्हणजे कुलाबा, भेंडी बाजार, ताडदेव इथून काळी-पिवळी किंवा ॲपची गाडीच करावी लागते. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच मीटरवर पंचवीस टक्के जादा लागतात. फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आणि रिक्षाचं २६ रुपये आहे, रात्री ते सुमारे ३९ आणि ३३ होतं. मोहम्मद अली रोडहून बोरिवलीपर्यंत मीटरने आठशे-नऊशे रुपये सहज होतात. तीनशेची निहारी (मंद आचेवर शिजवलेला मटणाचा रस्सा) आणि नऊशेची टॅक्सी, असा हिशेब चौघांत वाटला जाणार असेल तरच करा. एकटे असाल तर आपल्याच उपनगरातली भुर्जी बरी.

‘मीटर नको, इतके द्या’ म्हणणाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा दर माहीत असणं जास्त कामाला येतं. टॅक्सीला किलोमीटरमागे साधारण २१ रुपये धरा आणि त्यावर चौथा हिस्सा चढवा. आकडा त्याच्या आसपास असेल तर बसा.

रमजानचा मोहम्मद अली रोड वर्षभर शोधणं

मिनारा मशिदीजवळची रात्रभरची रोषणाई, मालपुव्याच्या कढया आणि रांगेने लागलेल्या शेगड्या फक्त रमजानमध्ये असतात. चांद्र वर्षामुळे हा महिना दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२६ मध्ये तो फेब्रुवारी-मार्चमध्ये होता. एरवीच्या महिन्यांत इथे रात्री बारानंतर बराचसा रस्ता शांत असतो. चालू राहतात ती भेंडी बाजारची मोजकी हॉटेलं. शिवाय भेंडी बाजाराचा पुनर्विकास सुरू असल्याने जुन्या वर्णनांतल्या काही दुकानांचे पत्ते बदललेत, त्यामुळे जुन्या याद्यांवर जाऊ नका.

रमजानमध्ये जाणार असाल तर गाडी नेऊ नका. जे. जे. उड्डाणपूल या भागावरून थेट निघून जातो. खाली उतरलात तर तासभर जागेवर. मस्जिद किंवा सँडहर्स्ट रोड स्थानकावर उतरून चालत जाणं सगळ्यात सोपं. इफ्तारच्या वेळी उपवास सोडणाऱ्यांची घाई असते, तेव्हा टेबल अडवून बसू नये. रात्री दहानंतर, तरावीहची म्हणजे रमजानमधली रात्रीची खास नमाज आटोपल्यावर रस्ता खुलतो.

खाताना होणारी चूक म्हणजे पहिल्याच दुकानात पोट भरणं. मालपुवा इथे ताटाएवढा येतो, तुपात तळलेला, वर मलई. तो तिघांत एक पुरतो. नल्ली निहारी मागवली तर बाकीचं निम्मं करा, कारण तो पातळ दिसणारा रस्सा हाडातल्या मज्जेने जड झालेला असतो. क्रम असा ठेवा: आधी सीख किंवा बोटी, दोघांत एक निहारी, मग फिरनीची एक मातीची वाटी. मालपुवा बांधून घेतला तरी चालतो. सकाळी मंद आचेवर गरम केला की परत नीट लागतो.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना, जी तिथे कुणी आपणहून सांगत नाही: या मालपुव्याच्या पिठात अंडं असतं. उत्तरेकडच्या मिठाईच्या दुकानातल्या मालपुव्याशी त्याचं फक्त नाव जुळतं.

गाडीवर काय मागवायचं हे न कळणं

सगळ्यांत जास्त पोटं इथे बिघडतात, तेव्हा जरा सविस्तर.

रात्री उशिरा सगळ्यात भरवशाचा पदार्थ अंडं. ते तुमच्यासमोर फुटतं, तापलेल्या तव्यावर पडतं आणि दोन मिनिटांत पोटात जातं. साठवण्याचा प्रश्नच नाही. बिघडतं ते आजूबाजूचं: संध्याकाळपासून चिरून उघडा ठेवलेला कांदा आणि पातळ हिरवी चटणी. चटणीत पाणी असतं आणि ती सहा-सात तास फ्रिजबाहेर असते. वरून कच्चा कांदा नको सांगा, भुर्जीत परतलेला चालेल. हिरव्या चटणीऐवजी सुकी लसणीची घ्या, लिंबू अख्खं असेल तर आपल्यासमोर कापून घ्या.

चायनीजच्या गाडीवर उलटं होतं. भात संध्याकाळीच शिजवून टोपलीत ढीग करून ठेवलेला असतो. कोमट राहिलेल्या भातात बॅसिलस सेरिअस नावाचा जीवाणू वाढतो आणि त्याचं विष मोठ्या आचेवर परतूनही जात नाही. म्हणजे कढईतून ज्वाळा उठल्या म्हणून रात्री एकचा फ्राइड राइस सुरक्षित होत नाही. आधीच उकडून ठेवलेल्या नूडल्सचंही तेच. आठ वाजता हेच पदार्थ खायला फारशी अडचण नाही, मध्यरात्रीनंतर मात्र सोडून द्या.

शोरमा घ्यायचाच असेल तर सळीमागचा बर्नर पेटलेला आहे का, ते बघा. गिऱ्हाईक कमी झालं की गॅस वाचवायला तो बारीक किंवा बंद करतात आणि नवं गिऱ्हाईक आलं की परत पेटवतात. या चालू-बंदमध्ये मांस कोमट राहतं. कापलेले तुकडे तव्यावर परत परतून मागा. कच्च्या अंड्याचं मेयोनीज तर टाळाच. तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये त्यावर एकेक वर्षाची बंदी घातली, ती उगाच नव्हे.

पावभाजीचा तवा पाहताना मध्यभाग पाहा. कडेला लोटलेला भाजीचा डोंगर कोमट असतो. चांगला कारागीर तुमच्या प्लेटपुरती भाजी मधे ओढतो, पाणी मारतो, रटरटवतो आणि मग लोणी सोडतो. कडेची भाजी थेट ताटलीत आली तर परत द्या, ‘जरा उकळवून द्या’ म्हणण्यात संकोच कसला? ताडदेवच्या सरदारसारख्या ठिकाणी लोणी सढळ असतं. कमी हवं असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, ताटात आल्यावर काढता येत नाही.

कुलाब्यात ताजच्या मागे १९४६ पासून चालत आलेल्या बडेमियाँकडे घाईत असाल तर सीख कबाब आणि रुमाली घ्या. बैदा रोटीला वेळ लागतो, कारण खिमा आणि अंडं पोळीत दुमडून ती तव्यावर सावकाश शेकावी लागते. घाई केलीत तर आतलं अंडं ओलं राहील.

पैशांचं म्हणाल तर खिशात दोनशे-तीनशेची सुटी रोकड ठेवा. मध्यरात्रीच्या आसपास बँकांच्या देखभालीमुळे यूपीआय कधीकधी अडकतं आणि गाडीवाल्याकडे पाचशेचे सुटे नसतात.

दोन ते चारमध्ये भूक लागली तर

या वेळेत चांगल्या चवीचा शोध सोडा, पोटाला आधार बघा. सीएसएमटी, मुंबई सेंट्रल, लोकमान्य टिळक टर्मिनस इथे लांब पल्ल्याच्या गाड्यांमुळे रात्रीही काही स्टॉल चालू असतात. फलाटावर जायला तिकीट हवं. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट न काढता शिरलात तर किमान अडीचशे दंड. केईएम, सायन, नायर अशा मोठ्या पालिका रुग्णालयांबाहेर नातेवाइकांसाठी चहा, बिस्किटं, कधी उकडलेली अंडी मिळतात. सायकलवर थर्मास बांधलेला चहावाला मरीन ड्राइव्हवर भेटतो.

बऱ्याच पंचतारांकित हॉटेलांचं कॉफी शॉप रात्रभर उघडं असतं, विशेषतः विमानतळाजवळ. तिथे मेनूतला आकडा म्हणजे बिल नव्हे. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर आहे, तिथल्या जेवणावर जीएसटी १८ टक्के लागतो, साध्या हॉटेलात ५ टक्के. सेवाशुल्क ऐच्छिक आहे, ते काढायला सांगता येतं.

घरी मागवत असाल तर चाळीस मिनिटं टिकणारं मागवा: बिर्याणी, रोल, पराठे. डोसा आणि फ्रेंच फ्राइज वाफेने मऊ पडतात. ॲपवर पाच वेगवेगळी नावं दिसली तरी स्वयंपाकघर एकच असू शकतं. पत्ता आणि चौदा आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवाना) क्रमांक ताडून पाहा. एका नावाचं जेवण वाईट निघालं तर शेजारच्या नावावर आशा ठेवण्यात अर्थ नसतो.

पोट बिघडलंच तर

उलट्या-जुलाबात ओआरएस घोट-घोट घ्या, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. जुलाब थांबवायची गोळी आपल्या मनाने घेऊ नका. ताप, रक्त, लघवी कमी होणं किंवा पाणीही न टिकणं, यातलं काही दिसलं तर लगेच डॉक्टर. लहान मुलं आणि वयस्कर माणसांच्या बाबतीत तर थांबूच नका.

आणि साडेतीनपर्यंत जागेच असाल, तर आता कुठे तरी शिळं गरम करून खाण्यापेक्षा दीड तास कळ काढा. चारच्या पुढे दादरच्या फूलबाजारात चहा उकळायला लागतो, धारावीत रात्रीच वाफवलेल्या इडल्या डब्यांतून, सायकलींवरून शहरभर निघतात. माटुंगा स्थानकाजवळचं राम आश्रय पाचला उघडतं. पहिली इडली, उपमा आणि फिल्टर कॉफी तिथे रांगेशिवाय मिळते. रविवारी मात्र सातच्या आत पोहोचा.