मारुती ८०० वाहून न्यायला घरी ट्रेलर बनवायचाय? आधी ॲक्सलची जागा काढा, मग लोखंड आणा

लोखंडाच्या दुकानात जायच्या आधी गाडी टेपनं मोजा आणि काट्यावर नेऊन तिचं वजन करून घ्या. बहुतेक जण उलटं करतात, आधी चॅनेल (इंग्रजी C च्या आकाराची लोखंडी पट्टी) उचलून आणतात, साटा (ज्यावर गाडी उभी राहते तो सांगाडा) जोडतात आणि मग ॲक्सल कुठं लावायचा ते साट्याखाली उकिडवं बसून ठरवतात. आम्हीपण पहिल्यांदा तसंच करणार होतो. आमच्याकडं उसाच्या ट्रॉल्या बनवणारे फॅब्रिकेशनवाले भरपूर, वेल्डिंगमधे त्यांचा हात कुणी धरणार नाही, पण ट्रेलर म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर ट्रॅक्टरची ट्रॉली येते, जाड चॅनेल, जाड पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), पुढं पिनचा हुक आणि चाल रमतगमत. जीपमागं गाडी लादून न्यायचा दोन चाकी ट्रेलर म्हणजे तराजू आहे राव, नुसतं लोखंड जाड घालून तो सरळ चालत नाही.

आधी कायद्याचं बोलून घेतो, कारण कुणी वाचून उद्या हायवेला निघायला नको. मोटार वाहन कायदा १९८८ मधे मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो, म्हणजे रस्त्यावर आणायचा तर त्याची वेगळी नोंदणी लागते, वेगळी नंबरप्लेट लागते, आणि घरी जोडलेला ट्रेलर आरटीओत नेला की पहिला प्रश्न मंजुरीच्या कागदांचा येतो. तेव्हा रस्त्यावर वापरायचा विचार असेल तर कटर चालवायच्या आधी आरटीओत जाऊन विचारा, नाहीतर सरळ मंजुरीवाला तयार ट्रेलर घ्या. आमचा ट्रेलर माळावरची शेड ते वस्तीवरची शेड एवढाच फिरतो, मधला दीड किलोमीटरचा रस्ता आमच्याच रानातला आहे.

आता मापं. मारुती ८०० ची लांबी ३३३५ मिमी, रुंदी १४४० मिमी, पुढच्या नि मागच्या चाकाच्या मधलं अंतर २१७५ मिमी, आणि डावं-उजवं चाक मध्यापासून मध्यापर्यंत साधारण १२०० मिमी. वजन ६५० किलोच्या आसपास. उसाच्या काट्यावर आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त पुढची दोन चाकं काट्यावर ठेवून घ्या. आमच्या गाडीची पुढची बाजू ३९० आली, म्हणजे ६० टक्के वजन पुढं, इंजिन गिअरबॉक्स सगळं पुढंच असल्यामुळं. यावरून गाडीच्या वजनाचा मध्य पुढच्या चाकाच्या मागं ८७ सेंटिमीटरवर येतो (मागचं वजन भागिले एकूण वजन, गुणिले २१७५). हा आकडा भिंतीवर खडूनं लिहून ठेवा, पुढं सगळं यावरच आहे.

आम्ही साटा ३.२ मीटर लांब आणि १.५ मीटर रुंद धरला, पुढं हुकच्या बॉलपर्यंत (जीपमागं ज्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलर अडकतो तो) १.२ मीटरची दांडी. पूर्ण पत्रा मारायची गरज नाही, चाकांखाली ३० सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या ३ मिमी चेकर प्लेटच्या पुरतात, मधे मोकळं राहू द्या, वजन वाचतं आणि गाडीच्या खाली हात घालायला जागा पण राहते. फ्रेमला ७५ बाय ४० चं चॅनेल, मीटरला साधारण ७ किलो, सगळं मिळून १८ मीटर लागलं. पत्रा धरून ॲक्सल-चाकं सोडून १९० किलो झालं, ॲक्सल, पाटे, हब (ज्यावर चाक बसतं तो भाग), चाकं ११० किलो. शेजारच्यानं १०० चं चॅनेल घाल म्हणून लई आग्रह केला, पण मग ट्रेलरच जड होतो आणि ते वजन प्रत्येक चढाला जीपला ओढावं लागतं.

आता मुख्य काम. हुकवर खाली दाबणारं वजन एकूण वजनाच्या साधारण १० टक्के पाहिजे. आमचं एकूण ९५० किलो, म्हणजे हुकवर शंभराच्या आसपास, आणि तेवढं तुमच्या जीपच्या हुकला झेपतंय का ते त्याच्या प्लेटवर नाहीतर पुस्तकात बघा. गाडीची पुढची चाकं बॉलपासून १.६५ मीटरवर थांबतात असं धरलं तर गाडीच्या वजनाचा मध्य २.५२ मीटरवर येतो, फ्रेमचा २.५ वर. ॲक्सल २.८५ मीटरवर लावला की हिशोब असा, वजन गुणिले ॲक्सलपासूनचं अंतर: गाडी ६५० गुणिले ०.३३ म्हणजे २१४, फ्रेम १९० गुणिले ०.३५ म्हणजे ६६, बेरीज २८०, भागिले २.८५, म्हणजे हुकवर ९८ किलो. ॲक्सल साट्याच्या बरोब्बर मध्याच्या पाच सेंटिमीटर मागं आला. दिसायला पाच सेंटिमीटर, पण गाडी नुसती १० सेंटिमीटर मागं सरकली तर हुकवरचे २३ किलो कमी होतात, म्हणून पुढच्या चाकांना अडणी म्हणून अँगलचा तुकडा पक्का वेल्ड करा, गाडी रोज त्याच जागी थांबली पाहिजे.

हे मला कागदावर नाही कळलं, माळावर कळलं. गाडी शेडमधे उलटी उभी होती, मागची बाजू ट्रेलरकडं, आम्ही म्हटलं कशाला वळवा, तशीच चढवली मागून. हिशोब नंतर केला तर हुकवर जवळजवळ शून्य. पंधरा-वीसच्या वेगाला काही वाटलं नाही, तिशीला गेलो आणि एका खड्ड्यानंतर जीपची शेपूट हलायला लागली, आधी हळू मग जोरात, हुक वरखाली खडखडतोय, आणि मी घाबरून ब्रेक दाबला, जे अजिबात करायचं नसतं. ॲक्सिलेटर सोडून द्यायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, ब्रेकला पाय लावायचा नाही. नशीब, दोन्ही बाजूला मोकळी रानं होती, पडलो नाही. इंजिन काढलेली गाडी असेल तरी हाच प्रकार, पुढचं वजन गेलं की तराजू मागं कलतो, तेव्हा तिच्यासाठी अडणी आणखी पुढं घ्यावी लागते.

तपासायला साधी युक्ती, घरातला वजनकाटा घ्या (शंभराच्या वर दाखवणारा), त्यावर हुकच्या उंचीएवढा लाकडी ठोकळा उभा करा, ट्रेलर सपाट जमिनीवर गाडीसकट आडवा लेव्हलमधे ठेवा आणि कपलिंग (दांडीच्या टोकाचा, बॉलवर बसणारा भाग) ठोकळ्यावर टेकवा. चाकांना दगड लावूनच हे करा.

ॲक्सल भंगारातून आणू नका. आमच्या ट्रेलरच्या ॲक्सलवर ८५० किलो येतात आणि छोट्या व्हॅनचा जुना ॲक्सल किती खचलाय ते कुणी सांगू शकत नाही. १ टनाच्या वरचा नवा चौकोनी ॲक्सल, हब, बेअरिंग, ड्रम ब्रेकसकट घ्या. टायरवर जो लोड इंडेक्सचा आकडा असतो तो बघा, ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो, ८८ म्हणजे ५६० किलो. प्रत्येक टायरवर ४२५ येणार आणि खड्ड्यात त्याहून जास्त, म्हणून ८८ च्या खाली जाऊ नका. मारुतीचेच जुने टायर लावू म्हणणारे भेटतील, त्यांच्याकडं दुर्लक्ष करा.

हुक ट्रॅक्टरसारखा पिनचा नको, पिन नि भोकात जी जागा असते ती प्रत्येक गिअरला धक्का देते. ५० मिमीचा बॉल आणि त्याच मापाचं लॉकवालं कपलिंग. बाजारात २ इंची कपलिंगपण मिळतं, २ इंच म्हणजे ५०.८ मिमी, ५० च्या बॉलवर बसतं नि खुळखुळतं, दोन्ही एकाच मापाचे घ्या. बॉल जीपच्या चॅसीला बोल्ट झाला पाहिजे, बंपरला नाही. कपलिंग ओव्हररनवालं घेतलं तर जीप थांबताना ट्रेलर पुढं ढकलला जातो आणि त्याच ढकलण्यानं ट्रेलरचे ब्रेक लागतात. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत, आपल्या उताराच्या रस्त्यांना तर ते हवेतच. दोन साखळ्या दांडीखालून फुली मारून जीपला अडकवा, म्हणजे कपलिंग सुटलं तर दांडी साखळ्यांच्या झोळीत पडते, जमिनीत रुतत नाही.

वेल्डिंगबद्दल फार सांगत नाही, येत नसेल तर फॅब्रिकेशनवाल्याला द्या आणि उभं राहून करून घ्या. दोनच गोष्टी. एक, सगळी फ्रेम आधी टॅक (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारून उभी करा आणि दोन्ही कर्ण मोजा, ३.२ बाय १.५ ला कर्ण ३.५३ मीटर येतो, दोन्हीत ३ मिमीच्या वर फरक असेल तर टॅक फोडून परत लावा, गुनियावर एकट्यावर विश्वास ठेवू नका. कर्ण जुळले म्हणजे फक्त फ्रेम गुनियात आली, ॲक्सल वेगळा मोजायचा, बॉलपासून दोन्ही हबपर्यंत सुतळी ताणून, डावं-उजवं सारखं आलं की मगच यू-बोल्ट आवळा. दोन, दांडीची दोन्ही चॅनेल साट्याच्या पुढच्या कडेलाच संपवू नका, खालून मागं नेऊन दुसऱ्या आडव्या चॅनेलला जोडा. ट्रेलर तिथंच मोडतो, पुढच्या कडेच्या वेल्डला. आणि जस्ताचा मुलामा असलेला पाइप वेल्ड करायची वेळ आलीच तर जस्त घासून काढा, तो धूर अंगावर घेऊ नका, रात्री ताप भरतो.

बेअरिंगचा नट फिरवत हब गच्च होईपर्यंत आवळा, मग थोडा मागं घ्या आणि स्प्लिट पिन घाला. चाक दोन्ही हातांनी वरखाली हलवलं की अगदी किंचित खेळ जाणवला पाहिजे. पहिल्या फेरीनंतर उतरून हबला हात लावा. कोमट चालेल, चटका बसला तर परत उघडा. चाकांचे नटपण पहिल्या फेरीनंतर परत आवळायचे, ते हमखास ढिले होतात.

लाइटची वायरिंग ७ पिनच्या सॉकेटनं करा आणि अर्थची वायर वेगळी ओढा, हुकमधून अर्थ मिळेल असं समजू नका, ग्रीस लागलं की इंडिकेटर दिला तर टेल लाइट मिचकायला लागतो.

रॅम्प १.८ मीटरचे ठेवा. साट्याची उंची ४५ सेंटिमीटर असेल तर १४-१५ अंशांचा चढ येतो, आमचे पहिले रॅम्प दीड मीटरचे होते, त्यात बंपर घासला. गाडी चढवताना ट्रेलरच्या मागच्या दोन कोपऱ्यांखाली स्टँड लावाच, नाहीतर गाडीची पुढची चाकं टोकावर आली की मागचं टोक दबतं आणि हुक जीपची मागची चाकं उचलायला बघतो. बांधायला ५० मिमीचे चार रॅचेट बेल्ट, आणि बेल्ट चाकांवरून घ्यायचे, गाडी आपल्या स्प्रिंगवर हलत राहू दे, बॉडीला बांधलं की खड्ड्यात गाडी दबते आणि बेल्ट सैल पडतात. गिअरमधे टाका, हँडब्रेक ओढा.

आता एक फजितीची गोष्ट, जी मापांत आम्ही विसरलो. ट्रेलरची चाकं साट्याच्या बाहेर असतात आणि मडगार्ड साट्याच्या वर येतात. पहिल्यांदा गाडी रुबाबात चढवली, अडणीला टेकवली, दार उघडायला गेलो तर दार चार बोटं उघडून मडगार्डला टेकलं, दोन्ही बाजूंना. गाडीत मी एकटाच. शेवटी खिडकीची काच खाली करून पाय आधी बाहेर काढले, आणि पुतण्या व्हिडिओ काढत होता. तेव्हा एक तर मडगार्ड बोल्टवर सुटणारे करा, नाहीतर दांडीवर हाताचं विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) बसवा आणि गाडी रिकामीच ओढून घ्या. आम्ही विंच बसवलं, २ टनाचं, आणि ते बंद पडलेली गाडी चढवायला तसंही लागतंच.