माइक लावला की कॅमेरा रुसतो: यूएसबी कंट्रोलरचं गणित कसं तपासायचं

माझ्याकडे एक जुना ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) आहे आणि त्याहून जुना वेबकॅम. दोन्ही ठणठणीत. पण एकाच हबवर लावले की जो आधी सुरू होईल तो चालायचा, दुसरा रुसून बसायचा. केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकले, शेवटी वैतागून निळ्या पोर्टांचा यूएसबी ३ हब आणला. फरक शून्य.

दोष कशातच नव्हता. कंट्रोलर हिशेबाला पक्का निघाला, इतकंच.

यूएसबीवर उपकरण सहसा आपणहून तोंड उघडत नाही. चिपसेटमधला होस्ट कंट्रोलर विचारतो, मग ते उत्तर देतं. माउससुद्धा 'मी हललो' म्हणून ओरडत नाही. कंट्रोलरच त्याला दर काही मिलिसेकंदांनी विचारत राहतो आणि बहुतेक वेळा 'सांगण्यासारखं काही नाही' एवढंच ऐकतो. या विचारपूसीचं अधिकृत नाव 'इंटरप्ट ट्रान्सफर', म्हणजे मध्येच तोंड घालणं! नाव ठेवणाऱ्याला कोपरापासून नमस्कार.

प्रोसेसर या भानगडीत फारसा पडत नाही. ड्रायव्हर रॅममध्ये कामांची रिंग, म्हणजे गोल फिरणारी यादी, लिहून ठेवतो (एक्सएचसीआय, म्हणजे यूएसबी ३ च्या काळातल्या, कंट्रोलरमध्ये प्रत्येक नोंद १६ बाइट्सची) आणि एका रजिस्टरमध्ये आकडा टाकून 'डोअरबेल' वाजवतो. पुढचं कंट्रोलर डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट रॅममध्ये वाचून-लिहून, परस्पर उरकतो आणि झालेल्या कामाची नोंद 'इव्हेंट रिंग' नावाच्या वेगळ्या यादीत करतो.

आवाज आणि चित्र यांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांना वेळेवर जागा लागते, म्हणून ती आगाऊ राखून ठेवावी लागते. माझी दोन्ही उपकरणं फुल स्पीडची, म्हणजे १२ मेगाबिट प्रति सेकंद. एका मिलिसेकंदाच्या फ्रेममध्ये १५०० बाइट्स. त्यातले जास्तीत जास्त ९० टक्के, म्हणजे १३५०, अशा राखीव कामांना मिळतात. आता मांडा: इंटरफेस ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ. दर मिलिसेकंदाला ४८ नमुने, गुणिले २ चॅनेल, गुणिले ३ बाइट्स, झाले २८८ बाइट्स. आत येणारे २८८ आणि बाहेर जाणारे २८८, मिळून ५७६. कॅमेरा एकटा १०२३ मागतो. बेरीज १५९९. बसत नाही! मग दुसऱ्याला सरळ नकार.

पण नव्या हबनेही काम का झालं नाही? कारण यूएसबी ३ हबच्या पोटात खरं तर दोन हब असतात. जुनी उपकरणं जुन्याच तारांच्या जोडीवरून, यूएसबी २ वाल्या हबमधून जातात. तिथे ४८० मेगाबिटचं १२ मध्ये रूपांतर करणारा 'ट्रान्झॅक्शन ट्रान्सलेटर' असतो. बऱ्याच हबमध्ये सगळ्या पोर्टांना मिळून तो एकच. माझ्या दोघांचं भांडण त्या एका १२ मेगाबिटसाठी होतं.

तुमच्याकडे असं काही होत असेल तर आधी उपकरणांचं झाड बघा, म्हणजे कोण कशाला जोडलंय ते. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'व्ह्यू' मेनूतून 'डिव्हाइसेस बाय कनेक्शन' निवडा आणि पीसीआय एक्स्प्रेसखाली 'एक्स्टेन्सिबल होस्ट कंट्रोलर' शोधा. त्याच्या खाली रूट हब, रूट हबखाली तुमचा हब, हबखाली उपकरणं. भांडणारी दोन्ही एकाच हबखाली दिसली, तर एक उपटून थेट कॉम्प्युटरच्या पोर्टात लावा आणि झाड पुन्हा बघा. लॅपटॉपच्या दोन बाजूंची पोर्टं वेगळी असतीलच असं गृहीत धरू नका. कधी कधी आतच एक हब बसवलेला असतो, तो या झाडातच दिसतो. पोर्टं कमी असतील तर 'मल्टी टीटी' (टीटी म्हणजे तोच ट्रान्झॅक्शन ट्रान्सलेटर) हब घ्या. त्यात प्रत्येक पोर्टाला स्वतंत्र ट्रान्सलेटर असतो. खोक्यावर हे क्वचितच छापतात, तपशिलात शोधावं लागतं.

माझा इंटरफेस आता मागच्या पोर्टात आहे, कॅमेरा हबवर. आणि त्याच निळ्या हबवर यूएसबी ३ चा पेन ड्राइव्ह लावते, तो मात्र खरंच पळतो.