स्टेजवर आयपॅडचा सिंथ मध्येच अडू नये म्हणून

आयपॅडवर सिंथचं (म्हणजे वाद्यांचे आवाज तयार करणारं) अ‍ॅप आणि त्याला यूएसबीने जोडलेला साधा मिडी कीबोर्ड (कुठली पट्टी दाबली एवढंच अ‍ॅपला कळवणारा), एवढ्यावर ऑर्केस्ट्राचं काम भागतं. अडचण एकच: ऐन गाण्यात स्क्रीन झोपते, नोटिफिकेशन टणकन वाजतं, नाहीतर चुकून बोट लागून अ‍ॅपच बाजूला सरकतं.

साउंड चेकआधी एवढं करा:

1. एअरप्लेन मोड लावा. वायफाय, ब्लूटूथही बघा. ते कधीकधी चालूच राहतात.
2. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन 'गायडेड अ‍ॅक्सेस' चालू करा. तिथलंच 'डिस्प्ले ऑटो-लॉक' नेव्हरवर ठेवा, ते नेहमीच्या ऑटो-लॉकपेक्षा वेगळं असतं आणि हमखास राहून जातं. मग सिंथ उघडून वरचं (जुन्यावर होम) बटण तीनदा दाबा. आता दुसरं काही उघडणारच नाही. पासकोड मात्र लक्षात ठेवा.
3. अ‍ॅपमध्ये बफर (आवाज बाहेर पडण्याआधी साठवला जाणारा त्याचा छोटा तुकडा) 128 सॅम्पलवर ठेवा. 44.1 किलोहर्ट्झला हा उशीर जेमतेम 3 मिलिसेकंदांचा, बोटाला कळतही नाही. आवाज तडतडला तर 256 करा. 64 चा हट्ट कशाला?
4. गाण्यांच्या क्रमाने पॅच (प्रत्येक गाण्यासाठी जुळवलेले आवाज) सेव्ह करा.

आवाज वायरनेच मिक्सरला द्या. ब्लूटूथवर सूर बोटांच्या मागे पडतो.

आणि चार्जर लावल्यावर स्पीकरमधून घूंऽऽ ऐकू आलं, तर आयपॅड आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी) टाकून त्याचं ग्राउंड लिफ्टचं (ऑडिओ वायरमधली ग्राउंडची जोडणी तोडणारं) बटण दाबा. चार्जरची अर्थिंगची पिन काढायचा उद्योग कोणी सुचवला तरी करू नका.