हायब्रीड टोमॅटोंची तुलना करताय? या चुका टाळा

एका हंगामात मी एका हायब्रीड वाणापुढे वहीत सरळ 'नापास' लिहून टाकलं होतं. फळं मोजकीच, त्यातली निम्मी बुडाशी काळी. त्याच्या पलीकडच्या कुंडीतला दुसरा वाण मात्र लगडलेला. उरलेलं बी टाकून द्यायचं जिवावर आलं म्हणून पुढच्या हंगामात दोन्ही पुन्हा लावले. कुंड्यांच्या जागा तेवढ्या सहज बदलल्या गेल्या, आणि नापास झालेला पहिला आला. भिंतीलगतचा तो कोपरा दुपारभर तापतो, तिथली कुंडी संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळते. वर्षभर मी वाणाला नावं ठेवत होतो आणि दोष होता भिंतीचा.

प्रत्येक वाणाचं एकच रोप

सगळ्यांत मोठी चूक ही. जागा कमी म्हणून जवळपास सगळेच करतात: आठ वाण, आठ कुंड्या, आठ लेबलं. हंगाम संपल्यावर हाती येतो तो आठ कुंड्यांचा निकाल. वाणांबद्दल त्यातून फारसं काही कळत नाही.

त्यापेक्षा दोनच वाण घ्या, पण प्रत्येकाची निदान तीन रोपं लावा. एफ१, म्हणजे पहिल्या पिढीचं हायब्रीड बियाणं, दोन स्थिर, शुद्ध वाणांच्या संकरातून तयार होतं, त्यामुळे एका पाकिटातली सगळी रोपं घडणीने जवळजवळ सारखी असतात. हीच आपली मोजपट्टी. समजा, एकाच वाणाच्या तीन बहिणींपैकी एकीने चार किलो फळ दिलं आणि दुसरीने अडीच. हा दीड किलोचा फरक वाणाचा असूच शकत नाही. तो माती, ऊन, पाणी किंवा लावताना दुखावलेल्या मुळांचा आहे. आता दुसरा वाण पहिल्यापेक्षा किलोभर जास्त देत असेल, तर एवढ्यावर त्याला चांगला म्हणायची घाई करू नका. बहिणींमधल्या फरकाहून मोठा फरक दिसला तरच तो वाणाचा धरा.

कुंड्या मांडतानाही एका वाणाच्या सगळ्या एका बाजूला नकोत. एक याची, एक त्याची, अशा आलटून-पालटून ठेवा. कडेच्या रोपाला ऊन आणि वारा जास्त मिळतो, हे विसरू नका. कुंड्यांचा आकार सारखाच असावा. उंच वाढणाऱ्या वाणाला २० लिटरपेक्षा लहान कुंडी देऊन त्याच्या उत्पादनावर बोलण्यात अर्थ नाही.

झुडपी वाण आणि उंच वाण एकाच मापाने मोजणं

'अर्ली गर्ल' आणि 'बुश अर्ली गर्ल' या नावांत एका शब्दाचा फरक, पण पहिला हंगामभर वर चढत राहतो आणि दुसरा ठरावीक उंचीवर थांबतो. झुडपी वाण आपली बहुतेक फळं काही आठवड्यांत देऊन मोकळा होतो, उंच वाण सावकाश घोसामागून घोस देत राहतो. तोडा सुरू झाल्यावर चौथ्या आठवड्यात वजन केलंत तर झुडपी जिंकेल, चौथ्या महिन्यात केलंत तर बहुधा उंच. त्यामुळे प्रत्येक तोडा तारखेसह लिहा आणि एकूण बेरीज शेवटीच करा.

बगलफुटी, म्हणजे पानाच्या बगलेतून येणारे कोंब, काढण्याचंही तसंच. उंच वाणात त्या काढल्या की रोप आटोपशीर राहतं. झुडपी वाणात त्याच हाताने सगळ्या फुटी खुडल्या तर आपण फळंच खुडतो, कारण त्याचा बराचसा माल त्या फुटींवरच यायचा असतो. 'दोन्ही रोपांना अगदी सारखं वागवलं' असं म्हणणाऱ्याने इथेच अन्याय केलेला असतो.

पाकिटावरचे दिवस चुकीच्या तारखेपासून मोजणं

पाकिटावर लिहिलेले दिवस सहसा रोप लावल्यापासून धरलेले असतात, बी पेरल्यापासून नव्हे. 'सनगोल्ड'ला साधारण ५७ आणि 'बिग बीफ'ला साधारण ७३ दिवस सांगतात. ट्रेमधले पाच-सहा आठवडे त्यात वेगळे मिळवा. एका वाणाचं रोप चार आठवड्यांचं आणि दुसऱ्याचं आठ आठवड्यांचं, मुळं गुंडाळलेलं, असं लावून 'लवकर कोण' ही शर्यत लावू नका.

बूड काळं पडलं की वाणाला दोष देणं

फळाच्या टोकाशी चामड्यासारखा काळपट, दबलेला डाग म्हणजे रोग नव्हे. वाढत्या फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण मातीत कॅल्शियम नसणं हे नसतं. पाणी कधी भरपूर, कधी गायब, हे असतं. अंड्याची टरफलं चुरून टाकल्याने या हंगामात काही फरक पडत नाही, ती विरघळायलाच फार वेळ घेतात. पाणी नियमित करा, मातीवर आच्छादन घाला, नत्राचा मारा कमी करा. पुढचे घोस बहुधा स्वच्छ येतात.

पण इथे वाणाचाही वाटा असतो. लांबट फळांच्या वाणांत हा त्रास जास्त, चेरीत क्वचितच. म्हणून लांबट वाणाची तुलना लांबटाशीच करा. साल तडकणं हा मात्र बऱ्याच अंशी वाणाचा स्वभाव: 'सनगोल्ड' चवीला अप्रतिम आणि तडकायला पटाईत. कोरड्यानंतर एकदम पाणी मिळालं की झालंच. जोराच्या पावसाआधी रंग धरलेली फळं उतरवून घ्या.

फुलगळीचा निकालही जपून द्या. दिवसा ३५ अंशांच्या आसपास किंवा रात्री २४च्या वर तापमान राहिलं की परागकण नीट काम करत नाहीत. जो वाण नेमका त्या आठवड्यात फुलला, तो बिचारा वाईट दिसतो. फूल कोणत्या आठवड्यात आलं, हेही टिपून ठेवा.

नावापुढची अक्षरं म्हणजे कवचकुंडलं समजणं

पाकिटावर वाणाच्या नावापुढे छापलेली अक्षरं तो कोणत्या रोगांना प्रतिकार करतो ते सांगतात: व्ही आणि एफ ही दोन वेगवेगळ्या मर रोगांची अक्षरं, एन मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचं, टी तंबाखू मोझॅक विषाणूचं. एफ दोनदा असेल तर त्या मर रोगाच्या दोन प्रकारांना प्रतिकार. ए म्हणजे करपा असं बरेचजण धरून चालतात, पण ते अल्टरनेरिया या बुरशीमुळे खोडावर पडणाऱ्या चट्ट्यांच्या रोगाचं (कँकरचं) अक्षर आहे. ए असलेल्या वाणावर लवकर येणारा करपा दिसला, तर बियाण्याने फसवलं असं होत नाही.

शिवाय प्रतिकार म्हणजे रोग अजिबात होणार नाही असं नव्हे. सूत्रकृमींविरुद्धचा नेहमीचा जनुक माती २८ अंशांच्या वर तापली की ढिला पडतो, आणि उन्हातल्या काळ्या कुंडीत तेवढं तापमान सहज होतं. आणखी एक: मातीत सूत्रकृमीच नसतील तर एन असलेला आणि नसलेला वाण सारखाच दिसणार. आपल्याकडे जो रोग खरोखर येतो, त्याचंच अक्षर शोधा.

नाव बघून चव ठरवणं

महागड्या, गाजलेल्या वाणाची फोड जरा जास्तच गोड लागते, हा माझा स्वतःचा अनुभव. आता घरच्यांपैकी कोणाला तरी फोडी करायला सांगतो, बशांखाली चिठ्ठ्या लपवतो आणि मग चाखतो. फळं सारखी पिकलेली, एकाच दिवशी तोडलेली आणि फ्रिजबाहेरची हवीत. थंडीत टोमॅटोचा वास मरतो, आणि चवीचा मोठा भाग वासातच असतो. भरपूर पाणी पडल्याच्या दुसऱ्या दिवशी चव घेऊ नका, सगळेच पाणचट लागतात.

गेल्या वर्षीच्या फळाचं बी धरणं

हायब्रीडच्या फळातून काढलेलं बी लावता येतं, रोपंही छान येतात, पण तो वाण मात्र उरत नाही. पुढच्या पिढीत गुण विखुरतात: कुठे फळ बारीक, कुठे प्रतिकार गायब. गंमत म्हणून जरूर लावा, तुलनेत धरू नका.

लेबल

मार्करची शाई उन्हात दोन महिन्यांत उडते. पेन्सिलीने लिहिलेलं टिकतं, आणि एक जास्तीची पट्टी कुंडीच्या मातीत आत खोचून ठेवावी. मी एका वर्षी 'सनगोल्ड' आणि 'सनशुगर' शेजारी-शेजारी लावले होते, कोण कमी तडकतं ते बघायला. दोन्ही नारिंगी, दोन्ही चेरी. ऐन तोड्याच्या वेळी दोन्ही पट्ट्यांवर 'सन' एवढंच उरलं होतं. त्या वर्षीच्या वहीत अजूनही 'सन एक' कमी तडकला, 'सन दोन' जास्त, एवढीच नोंद आहे.